तर्रीचं ऑपरेशन आणि त्याआधीचा पाऊण तास

आमच्या मांजरीचं नाव तर्री. लाल आणि काळा रंग असा मिसळलाय की पोह्यावर तर्री ओतल्यावर जो तवंग पसरतो ना अगदी तसाच, त्यामुळे दुसरं नाव कोणाला सुचलंच नाही. वय नऊ महिने, वजन तीन किलो दोनशे. डिसेंबरात या दवाखान्यात तिची नसबंदी करून आणली, आज अकरावा दिवस आहे, टाके सुकलेत, खाऊन राहिली, खेळून राहिली. मी मुद्दामच थांबले होते लिहायला, कारण दुसऱ्याच दिवशी लिहिलं की आपण आनंदात असतो आणि काय बरं होतं काय वाईट ते नीट कळत नाही.

पाचपैकी साडेचार. टाके छान घातलेत, जखम जेमतेम बोटाच्या पेराएवढी आहे, पण मी हे स्टार टाक्यांसाठी देत नाहीये. ऑपरेशनच्या आधी इथे जे करतात त्यासाठी देतेय, म्हणजे पूर्ण भूल देण्याआधी मांजराला जी गुंगीची आणि दुखणं थांबवायची औषधं देतात ती. याबद्दल आपल्याकडे कोणी विचारतच नाही हो. किती पैसे, किती टाके, केव्हा सोडाल, एवढंच विचारतो आपण. मी पण सहा वर्षांपूर्वी एवढंच विचारलं होतं, आमच्या तेव्हाच्या मांजरीच्या, मनीच्या वेळी, आणि ते मला आजही लागतं.

मनीचं ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं, नाव घेत नाही. संत्र्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात नेलं होतं तिला. टेबलावर ठेवल्या ठेवल्या दोघांनी मानेची कातडी पकडून दाबून धरलं, मांडीत एक इंजेक्शन टोचलं, ती किंचाळली, दोन मिनिटांनी ओकली आणि पाचव्या मिनिटाला डोळे टक्क उघडे ठेवून आडवी झाली. दोन तासांनी तशीच खोक्यात घालून हातात दिली, अजून मान पण धरत नव्हती. मी विचारलं दुखण्यासाठी काय देऊ, तर म्हणाले काही नाही लागत, मांजर आहे, सहन करते. ती रात्र मी विसरू शकत नाही. मनी भिंतीला धडकत होती, पाय फाकत होते, मधेच असा आवाज काढायची की आईंनी म्हणजे माझ्या सासूबाईंनी देवाजवळ दिवा लावला. आणि सकाळी पाहते तर एक डोळा उघडेना, नुसतं पाणी. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासल्यावर कळलं की डोळा कोरडा पडून वरच्या काचेसारख्या भागाला जखम झालीये, कारण त्या औषधात मांजर डोळे मिटतच नाही आणि मलम कोणी घातलं नव्हतं. तीन आठवडे थेंब घातले.

त्याच रात्रीची अजून एक गोष्ट आहे, ती सांगितलीच पाहिजे. शेजारच्या काकू आल्या होत्या आवाज ऐकून, त्यांना पण बिचाऱ्यांना पाहवत नव्हतं, म्हणाल्या अगं तापाची अर्धी गोळी दे पाण्यात कालवून, लहान पोरांना देतोच नं आपण. मी गोळी तोडून वाटीत टाकली पण होती. माझा मामेभाऊ तेव्हा फार्मसी करत होता, त्याला सहज विचारायला म्हणून फोन केला तर तो फोनवर ओरडलाच, ताई फेक ती वाटी. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. आपलं लिव्हर ज्या पद्धतीनं ते औषध बाहेर काढतं ती सोय मांजराच्या लिव्हरमधे जवळपास नसतेच, मग त्याचं जे होतं ते रक्तातल्या लाल पेशी बिघडवतं, रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पाय सुजतात, आणि पाचशेची एक गोळी एका मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. घरात मांजर असेल त्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे. थोडी पण द्यायची नाही, चुकून खाल्ली तर लक्षणांची वाट न बघता तडक डॉक्टरकडे.

म्हणून तर्रीच्या वेळी मी दीड महिना नुसती चौकशी करत होते. दोन ठिकाणी फोनवर विचारलं की भुलीआधी काय देता, एका ठिकाणी म्हणाले तुम्ही ते आमच्यावर सोडा. इथल्या डॉक्टर मॅडमनी मात्र बसवून घेतलं आणि पंधरा-वीस मिनिटं समजावून सांगितलं. एका मांजराच्या नसबंदीसाठी कोण देतं एवढा वेळ?

त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की गुंगी वेगळी आणि दुखणं थांबणं वेगळं. ताई, मांजर गप्प पडलंय म्हणजे त्याला दुखत नाही असं समजू नका. काही औषधं नुसती शांत करतात, जसं एसप्रोमाझिन, जुनं आणि भरपूर वापरलेलं औषध आहे, पण दुखण्यावर त्याचा काहीच उपयोग नाही आणि वरून ब्लडप्रेशर खाली आणतं. काही औषधं दोन्ही करतात पण दुखणं थोडाच वेळ थांबवतात, आणि काही खास दुखण्यासाठीच असतात, अफूच्या जातकुळीतली. दोन्हींची जोडी लावली की दोन्हीचा डोस कमी लागतो. आणि मुख्य म्हणजे नंतर जी पूर्ण भूल द्यायची तीही कमी लागते, हा सगळ्यात मोठा फायदा, कारण ती भूल जितकी जास्त तितकं प्रेशर पडतं आणि श्वास मंदावतो.

दुखण्याचं औषध कापायच्या आधीच काऊन द्यायचं, हे मला आधी समजलं नव्हतं. मला वाटायचं दुखेल तेव्हा देऊ. तर त्या म्हणाल्या की बेशुद्ध असलं तरी कापल्याचा निरोप नसांमधून मणक्यापर्यंत पोचतच असतो, आणि एकदा का तिथे तो पेटला की मग उठल्यावर साध्या स्पर्शानं पण दुखतं आणि नंतर कितीही औषध द्या, पुरं पडत नाही. आधीच वाट अडवली तर नंतर कमी औषधात भागतं. मनीच्या रात्रीचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

त्यांना मी मनीचं सगळं सांगितलं. ते बहुतेक गुंगीचं झायलाझिन आणि भुलीचं केटामाइन असणार असं म्हणाल्या, आणि त्या औषधांना त्यांनी वाईट म्हटलं नाही हे मला आवडलं. केटामाइनचा दुखण्यावर उपयोग आहे, श्वास फारसा दाबत नाही, मोकाट चवताळलेल्या मांजराला मांडीत देता येतं, त्यामुळे कॅम्पमधे जिथे दिवसाला कितीतरी मांजरं करायची असतात तिथे त्याच्याशिवाय चालत नाही. पण त्यात डोळे उघडे राहतात म्हणून मलम घालायलाच हवं, शरीर ताठरतं म्हणून सोबत दुसरं औषध हवं, उठताना मांजर भ्रमिष्टासारखं वागू शकतं म्हणून अंधार आणि शांतता हवी, आणि संध्याकाळपर्यंत पुरेल असं दुखण्याचं औषध वेगळं हवंच. मनीला यातलं काहीच मिळालं नाही. औषधाचा दोष नव्हता तो.

मग तपासणी. छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, पळाल्यावर तोंड उघडून धापा टाकते का, कधी चक्कर येऊन पडली का ते विचारलं, रक्त घेतलं. हृदयाचा आजार मांजरात वरून दिसत नाही, खेळतं-खातं मांजर पण आतून आजारी असू शकतं, आणि जे औषध त्यांनी तर्रीसाठी ठरवलं होतं ते हृदय हळू करणारं होतं, म्हणून खात्री करून घेतली. पर्शियनवाल्यांनी हे खास ऐका, आपल्या नागपुरात आता घराघरात पर्शियन आहेत. चपट्या नाकामुळे गुंगीत श्वास अडकायची भीती जास्त, त्यांना इंजेक्शन दिल्यावर एक मिनिटही नजरेआड करायचं नाही, आणि त्या जातीत किडनीत गाठी होण्याचा आजार घराण्यात चालत येतो म्हणून दुखण्याचं औषध निवडताना किडनीचा रिपोर्ट आधी पाहिजे.

घरून द्यायला गॅबापेंटिनची शंभर मिलिग्रॅमची कॅप्सूल लिहून दिली. हे माणसांचं, फिट्सचं आणि नसांच्या दुखण्याचं औषध आहे, मेडिकलमधे चिठ्ठीवर मिळतं. मांजराला डॉक्टरकडे नेण्याआधी दोन-तीन तास दिलं तर भीती पुष्कळ कमी होते. डोस वजनावर आणि किडनीवर ठरतो, त्यामुळे माझं वाचून कोणी आपल्या मनानं देऊ नका. आणि सिरप स्वतःहून आणू नका, माणसांच्या काही सिरपमधे गोडीसाठी असं काही असतं जे प्राण्यांना चालत नाही. त्यांनी एक दिवस आधी रंगीत तालीम करायला सांगितली, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक कॅप्सूल देऊन बघा कशी वागते. दिली. दीड तासानं तर्री सोफ्यावरून उतरली आणि मागचे पाय जरा लडबडले, दारू पिल्यासारखी चालत स्वयंपाकघरात गेली, आईंच्या पायाशी बसली आणि तिथेच पेंगली. आई म्हणाल्या, काऊन वं माय, हे काय देऊन राह्यल्या तिले. पण मॅडमनी आधीच सांगितलं होतं की लडबडेल, उंचावर चढू देऊ नका, म्हणून घाबरलो नाही. सकाळी उठली तर चोख.

उपाशी ठेवायचं गणित पण वेगळं निघालं. मनीला आदल्या संध्याकाळपासून पाणी पण नव्हतं दिलं, तसंच सांगितलं होतं तेव्हा. इथे सांगितलं की लहान मांजराला इतका वेळ उपाशी ठेवलं तर साखर पडते आणि पोटातलं आम्ल पण वाढतं, चार-सहा तास पुरे, पाणी निघेपर्यंत ठेवा. त्यामुळे पहाटे साडेपाचला गजर लावून उठले, थोडं ओलं खाणं दिलं, आणि साडेसातला कॅप्सूल उघडून त्यातली पावडर चमचाभर चिकनच्या पाण्यात, विना मिठाच्या, देऊन टाकली. कडू लागते म्हणे, पण चाटून गेली.

त्यात नेमकं हिवाळी अधिवेशन सुरू. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कुठून बंद कुठून चालू काही पत्ता नाही, झिरो माइलपाशी बॅरिकेड, मोर्चा, आणि माझ्या मांडीवर पिंजरा. एरवी पंचवीस मिनिटं लागतात, त्या दिवशी एक तास लागला ऑटोत. मला धाकधूक होती ती कॅप्सूलचा वेळ निघून जाईल याची. पण तो तास तर्री टॉवेलवर बसून राहिली, डोळे अर्धे मिटून, हॉर्न वाजला की कान हलायचे तेवढेच. हीच मांजर लसीच्या वेळी पिंजऱ्यात मुतली होती आणि घशाला कोरड पडेपर्यंत ओरडली होती. या एका कॅप्सूलनं एवढा फरक पडलेला मी डोळ्यानं पाहिलाय.

आता मुख्य गोष्ट, तो पाऊण तास.

मला आत येऊ दिलं. छोटी खोली, दार लावून घेतलं, ट्यूबलाइट बंद करून एक बारका दिवा ठेवला. पिंजऱ्याचं वरचं झाकण काढलं, तर्रीला बाहेर ओढलंच नाही, आमच्या घरच्याच टॉवेलात डोक्यावरून झाकून घेतलं आणि मागच्या मांडीच्या स्नायूत बारीक सुईनं इंजेक्शन. अटेंडंट भाऊंनी नुसता हात ठेवला होता पाठीवर, दाबलं नाही. ती एकदा गुरगुरली, बस. सिरिंजमधे दोन औषधं एकत्र होती, डेक्समेडेटोमिडीन आणि ब्युप्रेनॉर्फिन. पहिलं गुंगीचं, दुसरं दुखण्याचं. ब्युप्रेनॉर्फिनचा पूर्ण असर यायला अर्धा तास किंवा थोडा जास्तच लागतो आणि मग सहा-आठ तास टिकतो, म्हणून तर इतकं आधी द्यायचं. हे औषध कुलपात ठेवतात, मॅडमनी काढलं तेव्हा भाऊंनी रजिस्टरमधे वेळ, डोस, तर्रीचं नाव सगळं लिहिलं, मी पाहिलं.

आधीच सांगितलं होतं की ओकेल, पाच-सात मिनिटांनी ओकली, पिवळा फेस चमचाभर. मांजरात या प्रकारच्या औषधानं ओकारी होतेच बऱ्याचदा. भाऊंनी लगेच तोंड पुसून डोकं थोडं खाली केलं म्हणजे घशात परत जायला नको. मग हळूहळू मान टेकली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तो पांढरा पडदा सरकत आला आणि अर्धा डोळा झाकला गेला, ते पाहून माझ्या पोटात गोळाच आला, मनी आठवली. मॅडमनी पहिल्यांदा काय केलं असेल तर दोन्ही डोळ्यात मलम घातलं, पापण्या बोटानं दोनदा उघडझाप करून पसरवलं. त्यानंतरही मी असेपर्यंत दोनदा घातलं. मी काही बोलले नाही पण डोळे भरून आले माझे.

हिरड्या फिक्या दिसायला लागल्या. हे पण सांगितलं होतं, या गुंगीच्या औषधानं बाहेरच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय मुद्दाम हळू चालतं, निरोगी मांजराचे ठोके दवाखान्यात मिनिटाला दोनशेच्या आसपास असतात ते शंभर-सव्वाशेवर येतात. जिभेला ठोके मोजायची क्लिप लावली होती, आकडा माझ्या समोर होता, एकशे अठरा. जास्तच खाली गेलं तर उलटवणारं औषध आहे, अटिपॅमेझोल, ते भरून ट्रेमधे लेबल लावून ठेवलं होतं. मी विचारलं मग सगळ्यांना शेवटी तेच देऊन लवकर का नाही उठवत, तर म्हणाल्या गुंगी उलटवली की त्याच्यासोबत त्या औषधानं थांबवलेलं दुखणं पण परत येतं, म्हणून दुसरं दुखण्याचं औषध अंगात आहे याची खात्री झाल्याशिवाय घाईनं उठवायचं नाही. ताई, तिला झोपू द्या नं, आपल्याला कुठं गाडी पकडायची आहे.

अर्ध्या तासानं पुढच्या पायावरचे केस काढले, इंट्राकॅथ म्हणजे शिरेत बसवायची बारीक नळी लावली, तर्रीनं पाय पण ओढला नाही. मनीला तर काहीच लावलं नव्हतं, काही बिघडलं असतं तर शीर शोधत बसले असते. मग पूर्ण भुलीचं इंजेक्शन, दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल, अगदी थोडं थोडं, बघत बघत. आधीच्या औषधांमुळे किती कमी लागलं ते मला सिरिंज दाखवून सांगितलं, काढलं होतं त्याच्या निम्म्याहून जास्त उरलं होतं. घशात ट्यूब गेली, आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू आणि ऑक्सिजन सुरू झाला आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर बसून मी मोबाइलवर वाचत बसले होते, तेव्हा एक मोठा अभ्यास सापडला, ब्रिटनमधे २००२ ते २००४ या काळात हजारो प्राण्यांच्या भुलीच्या नोंदी ठेवून केलेला. त्यात निरोगी मांजरांमधे भुलीशी संबंधित मृत्यू ०.११ टक्के होते, म्हणजे साधारण नऊशेमधे एक, आणि आजारी मांजरांमधे १.४० टक्के. मला जे महत्त्वाचं वाटलं ते हे की मांजरांचे बहुतेक मृत्यू ऑपरेशन चालू असताना नाही, ऑपरेशननंतर झाले होते, आणि त्यातले सगळ्यात जास्त पहिल्या तीन तासात. म्हणजे मनीला ज्या वेळी खोक्यात घालून माझ्या हातात दिलं होतं नेमक्या त्याच वेळात. इथे तर्रीला संध्याकाळी सहापर्यंत ठेवून घेतलं. गरम पॅडवर, त्यावर चादर घालून, कारण गुंगीत अंगाची उष्णता टिकत नाही आणि नागपूरची डिसेंबरची थंडी आहे. दर काही वेळानं ताप मोजून फळ्यावर लिहीत होते, मी डोकावून पाहिलं तेव्हा ९९.६ होता, नेहमी १०१ च्या आसपास हवा, मग अजून एक गरम पिशवी आली. उन्हाळ्यात करणाऱ्यांनी उलट काळजी घ्यायची, गुंगीतलं मांजर ऊन पण सहन करू शकत नाही, मे महिन्यात दुपारी दोनला बंद गाडीतून नेऊ नका.

कापण्याच्या जागी सुन्न करणारं इंजेक्शन वेगळं दिलं होतं, आणि शेवटी मेलॉक्सिकॅमचं एक. एकच. मी विचारलं घरी द्यायला गोळ्या? तर सरळ नाही म्हणाल्या. हे सुजेचं आणि दुखण्याचं चांगलं औषध आहे पण मांजराच्या किडनीला पुन्हा पुन्हा दिल्यास धोका होऊ शकतो, अमेरिकेत २०१० मधे त्यावर तसा ठळक इशारा छापायला लावला. काही देशांत कमी डोसनं जास्त दिवस देतात, पण ते डॉक्टरच्या देखरेखीत. कुत्र्यासाठी आणलेली बाटली घरात आहे म्हणून मांजराला पाजणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून असं करू नका.

सोडायच्या आधी ब्युप्रेनॉर्फिनचा अजून एक डोस दिला, आणि तो टोचून नाही, सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या आत थेंब सोडले. मांजराची लाळ आपल्यापेक्षा जास्त अल्कलीसारखी असते म्हणून हे औषध तोंडाच्या आतल्या कातडीतूनच चांगलं शोषलं जातं, गिळायची पण गरज नाही. किती साधी गोष्ट आहे, टोचणं वाचलं बिचारीचं.

आणि रात्र. मी तर जागायची तयारी करूनच होते, आईंनी पण गरम पाण्याची पिशवी ओढणीत गुंडाळून ठेवली होती. तर्री डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून बसली होती, हे त्या औषधानंच होतं, सांगितलं होतं. नऊच्या सुमारास टॉवेलवर पुढचे दोन्ही पाय एकामागून एक दाबायला लागली, कणीक मळतो तसं, आणि घुर्र घुर्र सुरू. पोटावर टाके असलेली मांजर. आईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, हे पाय दाबून राह्यली, म्हणजे बरं आहे हिले. दहाला दोन चमचे खाल्लं. मी मॅडमनी दाखवलेलं ते चेहऱ्याचं मोजमाप करत होते दर दोन तासांनी. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मधे काढलंय, मांजराचा चेहरा बघून दुखणं ओळखायचं. कान बाजूला वळलेत का, डोळे आक्रसलेत का, तोंडाचा भाग ताणलाय का, मिशा ताठ झाल्यात का, डोकं खांद्याच्या खाली लटकलंय का. प्रत्येकाला शून्य ते दोन, आणि दहापैकी चार किंवा जास्त आले तर औषध लागतंय असं समजायचं. तर्रीचे एकदाच दोन आले, पहाटे, बाकी शून्य-एक. मनीचा तो चेहरा डोळ्यासमोर आणला तर दहापैकी नऊ तरी असते. तेव्हा मला वाचता येत नव्हता तो.

अर्धा स्टार कापलाय तो का ते पण सांगते. बाहेर बसायची जागा कुत्र्यांची आणि मांजरांची एकच आहे. आत एवढी काळजी घेतात, अंधार करतात, आवाज करत नाहीत, आणि बाहेर पिंजऱ्यापासून दोन फुटांवर रॉटवायलर बसलेला. कॅप्सूल दिली होती आणि पिंजऱ्यावर टॉवेल होता म्हणून निभावलं. एखादा पडदा लावून कोपरा वेगळा केला तरी पुष्कळ होईल, मॅडमना बोलले मी. दुसरं, घरी गेल्यावर काय करायचं ते तोंडी सांगतात, भरभर, आणि त्या वेळी आपलं अर्धं लक्ष मांजराकडे असतं. मराठीत छापून एक कागद दिला पाहिजे. टाके चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा प्लास्टिकचा कोन पण मोठा दिला होता, दुसऱ्या दिवशी बदलून आणावा लागला. आणि रात्री नऊनंतर फोन लागला नाही दोनदा, तिसऱ्यांदा मॅडमनी स्वतः उचलला.

पैसे रक्ततपासणी धरून सहा हजार आठशे झाले. मनीचे तेव्हा अठराशे झाले होते, आणि वर डोळ्याचे थेंब आणि तीन चकरा मिळून चार हजारांच्या वर गेले होते. ज्यांना परवडत नाही त्यांनी सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात चौकशी करून बघायला हरकत नाही, १९५८ चं कॉलेज आहे, सगळ्या नागपूरला माहीत आहे. पण जिथे कुठे कराल तिथे तोंड उघडून विचारा की भुलीआधी गुंगीचं काय देणार, दुखण्याचं काय देणार आणि ते किती तास टिकतं, डोळ्यात मलम घालणार का, शुद्धीवर आल्यावर किती वेळ ठेवणार. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट इथल्या मॅडम तर खुर्ची पुढे ओढून बसल्या.

इथे येणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या म्हणजे संध्याकाळपर्यंत निगराणीत राहतं, वरून झाकण निघणारा पिंजरा आणा, आणि त्यात घरचाच न धुतलेला टॉवेल टाका, इंजेक्शन त्यातच देतात.